‘मी टॅक्सचं विचारलंच नव्हतं’

पत्र : मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीए म्हणून प्रॅक्टिस करते. सात वर्षं झाली. माझे एक जुने क्लायंट आहेत, त्यांना मी काकाच म्हणते. वय ७१, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या. आता त्यांच्या नावानं ४० लाख रुपये ‘चांगल्या कामाला’ द्यायचं काकांनी ठरवलंय. ठेवी, पोस्ट, म्युच्युअल फंड मिळून त्यांच्याकडे १ कोटी ६० लाख आहेत, शिवाय १९९० च्या दशकात घेतलेले थोडे शेअर्स आणि गावाकडे वडिलोपार्जित दोन एकर. पेन्शन आणि व्याज धरून वर्षाचं उत्पन्न साडेअकरा लाखांच्या आसपास. मुलगा पुण्यात. मुलगी अमेरिकेत, तिकडचं नागरिकत्व घेतलेली. तिलाही आईच्या नावानं काही पाठवायचं आहे.

काकांनी मला विचारलं, “कुठं द्यावेत?” मी लगेच सांगितलं, “काका, तुम्ही नव्या करपद्धतीत आहात, ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या करवजावटीचा, फायदा मिळणार नाही.” ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मी टॅक्सचं विचारलंच नव्हतं.” तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. अशा वेळी आपण सल्लागारांनी नक्की काय करायचं असतं? काकांचे मेव्हणे एका संस्थेत विश्वस्त आहेत, ते मागे लागलेत. काकूंच्या गावची शाळा वर्गखोली मागते आहे. मी स्वतः एका चांगल्या न्यासाचं ऑडिट करते, त्यांचं नाव सुचवलं तर चालेल का? आणि हे सगळं माझं काम आहे का?

— एक सीए

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझाच एक जुना पराक्रम आठवला. आधी तो सांगतो, म्हणजे मी कुठल्या तोंडानं सल्ला देतोय ते तुम्हाला कळेल.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या एका क्लायंटनं आईवडिलांच्या स्मरणार्थ एका शाळेला संगणक कक्ष बांधून दिला. बारा संगणक, टेबलं, खुर्च्या, पंखे, दारावर संगमरवरी पाटी. मी संस्थेचं ८०जीचं प्रमाणपत्र तपासलं, पावतीवरचा पॅन तपासला, रिटर्नमध्ये वजावट घेतली. कागदोपत्री कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. दोन वर्षांनी काही कामानं आम्ही दोघं त्या गावावरून चाललो होतो. ते म्हणाले, “जरा डोकावू.” कक्षाला कुलूप. शिपायानं किल्ली शोधेपर्यंत वीस मिनिटं गेली. आत बाराही संगणकांवर प्लास्टिकची कव्हरं तशीच, वर बोटभर धूळ. शिकवणारं माणूस नव्हतं, कारण त्याच्या पगाराची सोय कुणी केलीच नव्हती. वीज जोडलेली होती, पण बिल कोण भरणार यावर मुख्याध्यापक आणि संस्था यांच्यात वाद. क्लायंट मला एका शब्दानंही बोलले नाहीत. पाटीवरच्या आईच्या नावावरची धूळ त्यांनी रुमालानं पुसली आणि आम्ही निघालो. ‘शिकवणार कोण?’ हा दोन शब्दांचा प्रश्न मी विचारला असता तर? पण तो फॉर्ममध्ये नव्हता, म्हणून मी विचारला नव्हता.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, हे तुमचं काम आहे. काकांच्या प्रत्येक ठेवीची तारीख तुम्हाला माहीत आहे, मुलांचे स्वभाव माहीत आहेत, आणि त्यांच्या पैशावर तुमचा डोळा नाही हे त्यांना माहीत आहे. असं माणूस त्यांच्या आयुष्यात दुसरं कोण आहे? मागायला येणारे सगळे स्वतःची झोळी घेऊनच येतात.

आता टॅक्सचं एकदाच उरकून टाकू, कारण ते खरंच छोटं आहे. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. मी मात्र सवयीनं जुनीच नावं घेतो, तुम्ही नव्याशी ताडून पाहा.) काकांचं उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, म्हणजे नव्या पद्धतीत त्यांना तसाही कर लागत नाही. समजा, हौस म्हणून ते जुन्या पद्धतीत गेले. त्यांना धंद्याचं उत्पन्न नसल्यामुळे दरवर्षी निवड बदलता येते. पण साध्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीतली उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचीच रक्कम धरली जाते, आणि तिचीही निम्मी वजा होते. ४० लाख एका वर्षात दिले तरी वजावट फार तर ५७ हजार ५०० रुपयांची. म्हणजे नव्या पद्धतीतला शून्य कर सोडून जुन्या पद्धतीत कर भरायला जायचं, तेही एवढ्यासाठी. काका बँकेत होते, हा हिशेब त्यांनी तुमच्या आधीच केला असणार. म्हणूनच ते गप्प बसले.

खरं सांगू? नव्या करपद्धतीनं आपल्यासारख्यांची मोठी सोय केली आहे. इतकी वर्षं देणगीचा विषय निघाला की आपण ८०जीच्या आडोशाला जाऊन बसायचो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन यायचे, “साहेब, एखादी पावती मिळेल का?” त्यातले काही तर पाच टक्के कापून उरलेले रोखीनं परत करणाऱ्या ‘देणग्यां’च्या शोधात असायचे, आणि आपल्याच धंद्यातले काही महाभाग ती सोयही करून द्यायचे. खोट्या ८०जी आणि राजकीय देणग्यांच्या मागे आयकर खातं आता हात धुऊन लागलंय, ते बरंच झालं. ज्याला वजावट मिळणार नाही तोही तुमच्यासमोर बसून ‘द्यायचेत’ म्हणतो, तेव्हा त्याला खरंच द्यायचे असतात.

मग सुरुवात कुठून करायची? काकांच्या घरून. ऑफिसात बोलावू नका. ऑफिसात माणूस फाइल होऊन बसतो. त्यांच्याकडे जा, चहा घ्या, आणि संस्थेचं नावही काढू नका. काकूंबद्दल विचारा. त्या पगारातून कुणाला काय द्यायच्या? कुठल्या मुलांची नावं घरी यायची? काय बघून त्यांना राग यायचा? हा रागाचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. माणसाला कशाचं बरं वाटतं हे विचारलं तर ‘शिक्षण, आरोग्य, गोरगरीब’ असं निबंधातलं उत्तर येतं. कशाचा राग येतो विचारलं की नेमकं काहीतरी हाती लागतं. माझ्या एका क्लायंटला पत्नीच्या नावानं तालुक्याला सभागृह बांधायचं होतं. मी हा प्रश्न विचारला, तर ते उठून आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा. बाई कित्येक वर्षं दर महिन्याला वसतिगृहात राहणाऱ्या कुणा ना कुणा मुलीच्या खानावळीचे पैसे पाठवत होत्या. दहावीनंतर मुली शाळा सोडतात त्या फीपायी कमी आणि राहण्या-खाण्यापायी जास्त, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावरून त्या चिडायच्या. यजमानांना हे माहीत होतं, पण सभागृहाचा विचार करताना ते आठवलंच नव्हतं. सभागृह मग बारगळलं. आज त्या पैशातून दरवर्षी मुलींची खानावळ भागते. पाटी कुठंच नाही.

हे ऐकून काकांनाही खानावळच सुचवू नका. त्यांच्या घरात वेगळा डबा असेल.

विषय सापडला की सरकार तिथं आधीच काय देतं ते बघा. हे काम आपल्याला चांगलं जमतं, कारण परिपत्रकं वाचायची सवय असते. एकानं गावातल्या मुलींच्या एसटी पासासाठी पैसे ठेवायचं ठरवलं होतं. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो हे त्याला सांगायला कुणी नव्हतं.

काकूंच्या गावच्या शाळेचंही असंच आहे. खोली देण्याआधी शाळेचा पट विचारा. आज किती, पाच वर्षांपूर्वी किती. कमी पटाच्या शाळांचं पुढं काय होईल ही टांगती तलवार आपल्याकडे कायम असते, आणि पोरं दुसऱ्या शाळेत गेली की खोलीत गावचा गणपती बसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत परिषदेच्या मालकीची. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीनं हौसेनं ‘हो’ म्हटलं तरी बांधकामाला परिषदेची परवानगी लेखी हवी. पट टिकून असेल, खोलीची खरंच गरज असेल, तर जरूर द्यावी. पण मुख्याध्यापकांना हेही विचारा की खोलीऐवजी तेवढ्याच पैशात पाच वर्षं एक जादा शिक्षिका किंवा वाचनाला एक ताई मिळाली तर काय निवडाल. उत्तराआधी त्यांचा चेहरा बघा.

आपल्याकडे देणाऱ्याला भिंत आवडते, पगार आवडत नाही. ‘माझा पैसा पगारात जाता कामा नये’ ही अट मी किती वेळा ऐकली असेल! अहो, मतिमंद मुलांच्या शाळेत पगार नाही तर दुसरा खर्च कसला? सेवा म्हणजे तिथं माणूसच. संस्थेचा प्रशासनावरचा खर्च दहा टक्के की वीस, यावरून तिला पास-नापास करू नका. हिशेब नीट ठेवणारा कारकून पोसायलाही पैसे लागतात, आणि तो नसलेल्या संस्थांचे ताळेबंद कसे असतात ते आपण दोघंही जाणतो.

आता काकांनी किती द्यावेत. ४० लाख हा आकडा कुठून आला ते विचारलंत का? बहुधा काकूंच्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे असतील, किंवा असाच गोल आकडा. त्यांचं वय ७१ आहे, घरात एकटे आहेत. पुढची वीस वर्षं धरून कागद मांडा : दवाखाना, घरात ठेवावा लागणारा माणूस, महागाई. माझ्या अंदाजानं १ कोटी ६० लाखांतून ४० लाख गेले तरी त्यांचं भागेल, पण हा अंदाज त्यांच्या विम्याची पॉलिसी न बघता केलेला आहे, तुम्ही बघून करा. आणि ४० एकदम देऊ नका म्हणावं. दुःख ताजं असताना माणूस भराभर देतो. पहिल्या वर्षी दोन-तीन लाख द्यावेत, संस्था कशी वागते ते बघावं, मग पुढचे. बैल घेताना आपण दात बघतो आणि दोन पावलं चालवूनही बघतो. देऊन टाकलेलं परत येत नाही. मृत्युपत्रात लिहिलेलं मात्र हयात असेपर्यंत बदलता येतं. म्हणून काही आता, काही मृत्युपत्रातून अशी विभागणी या वयाला बरी.

मृत्युपत्रात संस्थेचं नाव नोंदणी क्रमांकासकट लिहून घ्या. ‘पंढरपूरच्या अनाथाश्रमाला ५ लाख’ असं लिहिलेलं मृत्युपत्र माझ्याकडे आलं होतं. कुठला अनाथाश्रम? दोन संस्था दावा सांगत आल्या आणि मुलगा तिसऱ्याच संस्थेचं नाव घेत होता. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको, हे तुम्हाला माहीत आहेच.

मुलांना आत्ताच सांगायला लावा. हे टाळू नका, काका टाळायला बघतील. मुलाला बाबांच्या पाठीमागे कळलं तर तो संस्थेच्या दारात वकील घेऊन उभा राहतो. समोर बसवून सांगितलं तर बहुतेक वेळा तोच म्हणतो, “बाबा, माझेही एक लाख घाला.” मुलगा नाराज असेल तर तेही आताच कळलेलं बरं.

शेअर्सचं थोडं वेगळं आहे. तीस वर्षांपूर्वीचे शेअर्स आहेत, म्हणजे नफा भरपूर. ते विकून पैसे दिले तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर काका भरणार. शेअर्सच संस्थेच्या डीमॅट खात्यात देणगी म्हणून वळवले तर त्यांना भांडवली नफ्याचा कर नाही. वस्तुरूप देणगीला ८०जी मिळत नाही, पण ते आपण आधीच सोडून दिलंय. तेव्हा काकांसाठी शेअर्स देणं सगळ्यात स्वस्त. फक्त संस्थेचं डीमॅट खातं आहे का ते बघा, आणि न्यासाला असे शेअर्स कायम ठेवता येत नाहीत, मुदतीत विकून टाकावे लागतात, हे त्यांच्या खजिनदाराच्या कानावर घाला. छोट्या संस्थांच्या खजिनदारांना हे अनेकदा माहीत नसतं.

दोन एकराचा विषय या वर्षी काढूच नका. न्यास शेतकरी नसतो. शेतजमीन बक्षीसपत्रानं द्यायची तर कूळकायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यात जमीन वडिलोपार्जित, म्हणजे सातबारावर एकट्या काकांचं नाव असलं तरी मुलांचे हक्क आले. त्यात पडलात तर तीन वर्षं तलाठी-प्रांत करण्यात जातील आणि काकूंचं काम बाजूला राहील.

मुलीचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथं चांगली माणसं चूक करून बसतात. ती नुसती अनिवासी असती, भारतीय पासपोर्टवर, तर तिनं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत कुठल्याही संस्थेला पैसे पाठवले असते तरी चाललं असतं. पण अमेरिकन नागरिक झाल्यावर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, परदेशी निधीच्या कायद्यापुढे ती परदेशी. तिचे पैसे या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतात, आणि तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेनं असे पैसे घेऊन दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालंय. ‘बाबांच्या खात्यात पाठवते, बाबा देतील’ हा जो सोपा मार्ग तिला सुचेल, त्याला तुम्ही नाही म्हणा. वडिलांना खर्चायला पैसे पाठवणं वेगळं आणि त्यांच्या खात्यातून स्वतःची देणगी वळवणं वेगळं. त्यात तोंडघशी पडेल ती संस्था. मुलीला तिकडची करसवलत हवी असेल तर तिकडच्या कायद्यानं मान्यता असलेल्या संस्थेलाच द्यावं लागेल. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या तिकडच्या मराठी मंडळींच्या संस्था इकडच्या कामांना मदत करतात, तिथं तिनं चौकशी करावी.

आता संस्था कशी बघायची. कागद तुम्ही बघालच : १२ए (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची) आणि ८०जीची नोंदणी चालू मुदतीची आहे का, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे विश्वस्तांची अधिकृत नोंद. या उताऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही, पण सगळं तिथंच कळतं. आज कारभार बघणाऱ्यांची नावं त्यावर आहेत का? नसली तर फेरफार अर्ज कधीपासून पडून आहे आणि कशामुळे? विश्वस्तांचे दोन गट भांडत असतील तर काकांचे पैसे बँकेत गोठून पडतील. कागद झाले की काकांना घेऊन जा, पण कार्यक्रमाच्या दिवशी नको. शाल, श्रीफळ, ईशस्तवन असलं की काहीच दिसत नाही. एखाद्या मंगळवारी, न सांगता, जेवणाच्या वेळी जा. ताटात काय आहे बघा. मुलांशी बोला. संडास बघा.

कायम ठेव ठेवून व्याजातून काम करायचं की पैसे खर्चून टाकायचे, हा प्रश्न येईलच. आपल्याकडे ठेवीचा फार सोस. माझ्या शाळेत मला इंग्रजीत पहिला आल्याबद्दल एक स्मृती-पारितोषिक मिळालं होतं, अकरा रुपयांचं. त्यात तेव्हा चांगला शब्दकोश आला. ती ठेव अजून आहे आणि पारितोषिकही अजून अकरा रुपयांचंच आहे. शाळा स्वतःच्या पदरचे शंभर घालून पाकीट देते, नाहीतर देणाऱ्याचीच शोभा व्हायची. २५ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १ लाख ६२ हजार येतील, आणि वीस वर्षांनीही तेवढेच येतील. त्यापेक्षा तेच २५ लाख दहा वर्षांत मुद्दलासकट खर्चून टाकले तर काकांना ते काम डोळ्यांनी बघता येईल. ठेवच ठेवायची असेल तर व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात घालायचा, असं देणगीपत्रात लिहून घ्या. ‘कायम निधीसाठी’ हे शब्दही पत्रात स्पष्ट हवेत, नाहीतर ती साधी देणगी धरली जाईल.

देणगीपत्र दोन पानांचं पुरे. पैसे कशासाठी, वर्षातून एकदा काय कळवायचं, आणि ठरलेलं काम बंद पडलं तर पैसे कुठल्या मिळत्याजुळत्या कामाला वापरायचे. हे शेवटचं कलम नसलं की पुढं हेतू बदलायला न्यायालयाची पायरी चढावी लागते. अटी घालायला काका संकोचतील. त्यांना सांगा, १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख देऊ केले तेव्हा आईच्या नावाची अट घातलीच होती. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, ते एसएनडीटी. अट असायला हरकत नाही, संस्थेला ती पेलली पाहिजे. उलट काकांना नाव नकोच असेल तर पाटी लावू नये, पण संस्थेच्या दप्तरात त्यांचं नाव, पत्ता आणि पॅन असलाच पाहिजे. निनावी देणगी संस्थेला करापायी महागात पडू शकते.

काका म्हणतील, “त्यापेक्षा काकूंच्या नावानं आपलाच ट्रस्ट काढू.” सगळे म्हणतात. नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, फेरफार अर्ज, नूतनीकरण, आणि दहा वर्षांनी विश्वस्त म्हणून सही करायला माणूस मिळत नाही. ऑडिटची फी तुम्हाला मिळेल हे खरं, पण चालत्या संस्थेत काकूंच्या नावाचा स्वतंत्र निधी ठेवणं केव्हाही बरं.

तुम्ही ज्या न्यासाचं ऑडिट करता त्याचं नाव सुचवायला हरकत नाही, पण पहिल्याच वाक्यात सांगून टाका : “मी यांची ऑडिटर आहे, मला यांच्याकडून फी मिळते.” सोबत आणखी दोन संस्थांची नावं द्या, आणि त्या न्यासाला भेट द्यायला काका तुमच्याशिवाय जाऊ देत. त्या न्यासाचे अध्यक्ष नंतर तुमच्या ऑफिसात पेढे घेऊन आले तर पेढे स्टाफला वाटा. त्यापलीकडे काही घेऊ नका. एक मात्र करा, तुमच्या वेळेची फी काकांकडून घ्या. ‘पुण्याचं काम’ म्हणून फुकट केलेलं काम मार्चमध्ये मागे पडतं, हा माझा अनुभव आहे. किती तास गेले त्यावर फी लावा. देणगीच्या टक्क्यावर चुकूनही नको.

राहिले मेव्हणे. काका त्यांना तोंडावर नाही म्हणू शकणार नाहीत, काकूंचा भाऊ आहे तो. इथं तुम्ही आडव्या या. काकांना एवढंच वाक्य शिकवून ठेवा : “आमच्या सीए बाई कागद मागताहेत.” मग तीन वर्षांचे हिशेब आणि परिशिष्ट एकचा उतारा मागणारं पत्र तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीनं मेव्हण्यांच्या संस्थेला जाऊ दे. कागद आले तर इतर संस्थांसारखेच तेही वाचा. संस्था चांगली निघाली तर काकूंच्या भावाच्या संस्थेला दिल्याचं काकांना समाधानच मिळेल. आणि कागद आले नाहीत, तर मेव्हणे दिवाळीला काकांवर न रुसता तुमच्यावर रुसतील.